जोडणीचे काम शिकवणार कोण?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की यवतमाळपासून वणीपर्यंतच्या बसस्थानकांबाहेर संगणक प्रशिक्षणाचे फलक झळकू लागतात आणि आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीतही त्यांच्या जाहिराती दिसतात. त्या जाहिरातींची भाषा दर काही वर्षांनी बदलते. पूर्वी टॅली आणि डीटीपी होते, मग संकेतस्थळे आली, मग मोबाइल अ‍ॅप आले आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची पाळी आहे. परंतु माझ्या पाहण्यात आलेल्या सर्व वर्गांत विद्यार्थ्याला शिकवले जाते ते पडद्यावर दिसणारेच. अर्ज कसा मांडावा, बटण कुठे ठेवावे, भरलेली माहिती तक्त्यात कशी साठवावी, इथपर्यंत अभ्यासक्रम येतो आणि थांबतो. ती माहिती तिथून दुसऱ्या संस्थेच्या संगणकाकडे कशी जाते, वाटेत अडली तर कोणाला कळते आणि चुकून दोनदा पोहोचली तर निस्तरायचे कोणी, हा विषय राहून जातो. त्या राहिलेल्या विषयाबद्दल हे पत्र आहे.

प्रथम माझा या विषयाशी असलेला संबंध सांगतो. मी सोळा वर्षे पुण्यात हेच काम केले. एका कंपनीची खरेदीची प्रणाली दुसऱ्या कंपनीच्या विक्रीच्या प्रणालीशी जोडणे, कारखान्याचे हिशेब बँकेशी जोडणे, अशा कामाला त्या व्यवसायात इंटिग्रेशन म्हणतात. चार वर्षांपूर्वी दारव्हा तालुक्यातल्या गावी परत आलो. आता शेती करतो आणि रविवारी आसपासच्या आठ-दहा मुलामुलींना हाच विषय शिकवतो. या वर्गाला कोणाचे प्रमाणपत्र नाही आणि फीही नाही.

उदाहरण कापसाचेच घेतो, कारण ते इथल्या प्रत्येक घरातले आहे. कास्तकार कापूस विकायला काढतो तेव्हा त्याचा आधार क्रमांक, सातबारा आणि पीकपेऱ्याची नोंद लागते. पीकपेरा २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या मार्गाने मोबाइलवर नोंदवला जातो. केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर ओलावा पाहतो, काटा होतो, बिल बनते, ते खरेदीदाराच्या मुख्य कार्यालयात जाते, तिथून बँकेकडे सूचना जाते आणि मग चुकारा खात्यात पडतो. तोवर कापूस जिनिंगमध्ये जाऊन त्याची १७० किलोची गाठ बांधली गेलेली असते. या वाटेवर महसूल खात्याचा संगणक आहे, खरेदीदाराचा आहे, काट्याला जोडलेला छोटा संगणक आहे, दोन बँकांचे आहेत आणि त्या बँकांना आपसांत जोडणारी यंत्रणाही आहे. यांतली प्रत्येक प्रणाली वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वर्षी, वेगळ्या कामासाठी बनवलेली आहे. पडदे सगळ्यांचे ठीकठाक असतात. चुकारा अडतो तो बहुतेक वेळा दोन प्रणालींच्या मध्ये.

मागच्याच्या मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या एका कास्तकाराने खासगी खरेदीदाराला कापूस दिला. त्याचा चुकारा सात आठवडे आला नाही. तो खरेदीदाराकडे गेला की उत्तर मिळे, ‘आमच्याकडून गेले.’ बँकेत गेला की उत्तर मिळे, ‘आमच्याकडे आलेच नाही.’ यांतला कोणी खोटे बोलत असेल, असा आमचा समज झाला होता. १९७२ पासूनच्या सरकारी एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्याची वाट पाहिलेली माणसे अजून गावात आहेत. त्यांनी तर पैसेच नसतील असा निष्कर्ष काढून टाकला. प्रत्यक्षात दोघेही खरे बोलत होते. देयकाची सूचना खरेदीदाराकडून निघाली होती, मधल्या एका प्रणालीत नाव जुळले नाही म्हणून बाजूला ठेवली गेली होती, आणि बाजूला ठेवलेल्या सूचनांची यादी रोज उघडून पाहणे हे कोणाचेच काम नव्हते. बँकेतल्या एका कर्मचाऱ्याने आस्थेने शोध घेतला म्हणून ती सापडली.

नाव का जुळले नाही, हे कळल्यावर मी ती गोष्ट वर्गात पहिल्या दिवशी सांगू लागलो. त्याचे आडनाव वऱ्हाडे. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीत, दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात त्याला स्वतःचा एक क्रमांक आहे आणि दुसऱ्या प्रकारात साध्या ‘र’ला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, जोडलेला असतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही आडनावे सारखीच दिसतात, पण अक्षरे क्रमांकांनी ताडून पाहणाऱ्या संगणकाला ती दोन निराळ्या माणसांची वाटतात. तुलना करण्यापूर्वी दोन्ही नावे एकाच रूपात आणण्याची सोय आज जवळपास प्रत्येक संगणकभाषेत आहे. ती वापरायला एखादी ओळ पुरते. ती ओळ लिहायला हवी होती, हे ज्याला ठाऊक होते असा माणूस त्या कामावर नव्हता, एवढेच. कऱ्हाडे, वऱ्हाडे, पऱ्हाटी, शेतकऱ्याचा प्रत्येक ‘ऱ्या’, आपल्या भाषेत हे अक्षर पदोपदी येते. बंगळूरच्या प्रशिक्षकाला हे सुचणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. जुन्या कार्यालयांत कृतिदेवसारख्या टंकांत भरलेल्या नोंदींची तर वेगळीच तऱ्हा आहे. त्या दिसतात मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांची चिन्हे.

दोन प्रणालींमध्ये माहितीचे असे रूपांतर करण्याला या व्यवसायात मॅपिंग म्हणतात आणि सर्वसाधारण प्रशिक्षणात ते अर्ध्या दिवसात उरकले जाते. डावीकडे एक रचना, उजवीकडे दुसरी, मधून रेघा ओढायच्या. माझ्या मते अवघड भाग तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे मापाऱ्याच्या वहीत ‘१२-४’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ बारा क्विंटल चार किलो. माहिती भरणाऱ्याने तेच १२.४ असे भरले की संगणकाच्या लेखी ते बारा क्विंटल चाळीस किलो होते. फरक छत्तीस किलोचा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. त्या भावाने ही चूक सुमारे २९२० रुपयांची झाली. क्षेत्राचेही तसेच आहे. सातबाऱ्यावरचे १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. पण कोणी ‘एक एकर वीस गुंठे’ हे १.२० असे लिहून ठेवले असेल तर ते क्षेत्र दीड एकरच असते. रेघा ओढण्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोलावे लागते, आणि हे बोलणे कोणत्याही अभ्यासक्रमात तासिका म्हणून लावलेले मी पाहिलेले नाही.

आता संदेशवहनाकडे येतो. तालुक्याच्या बँकेत गेलेल्या प्रत्येकाने ‘लिंक नाही’ हे उत्तर ऐकलेले आहे. आपण ते दुष्काळासारखे, दैवी संकट म्हणून सोसतो. लिंक जाणारच, वीजही जाणार, हे गृहीत धरून प्रणाली बांधण्याचे शास्त्र मात्र जुने आहे. आयबीएमने संदेशांची रांग सांभाळणारे एमक्यू-सिरीज १९९३ साली बाजारात आणले. त्यामागची कल्पना बाजार समितीतल्या कोणालाही समजेल. मापारी चिठ्ठी लिहून पेटीत टाकतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो; दिवाणजी सवडीने पेटी उघडतो आणि एकेक चिठ्ठी वहीत चढवतो. दिवाणजी जेवायला गेला म्हणून काटा थांबत नाही आणि मापारी लवकर घरी गेला म्हणून हिशेब थांबत नाही. अट एकच, की पेटी फुटता कामा नये आणि वहीत चढल्याशिवाय चिठ्ठी फाडता कामा नये. आजची रॅबिटएमक्यू, काफ्का वगैरे साधने आपापल्या पद्धतीने हेच करतात, आणि ही दोन्ही विनामूल्य मिळतात.

पण चिठ्ठी दोनदा पोहोचली तर? याबाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी माझीच चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी मायक्रोसॉफ्टच्या बिझटॉक सर्व्हर या प्रणाली जोडणाऱ्या साधनावर एका उद्योगाची देयके बँकेकडे पाठवण्याची जोडणी केली होती. बिझटॉकमध्ये संदेश पोहोचला नाही तर तो पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा पुन्हा पाठवावा, अशी मांडणी मुळातच दिलेली असते. मी ती तशीच ठेवली. एका संध्याकाळी बँकेकडे संदेश पोहोचला, पैसे जमा झाले, परंतु ‘मिळाले’ ही पोच परत येताना वाटेत हरवली. माझ्या प्रणालीने प्रामाणिकपणे तोच संदेश पुन्हा पाठवला आणि काही पुरवठादारांच्या खात्यांत पैसे दुप्पट पडले. ते परत मिळवायला महिना लागला, आणि त्यातल्या काही दूरध्वनी-संभाषणांची आठवण मला आजही नकोशी वाटते. मला पाच दिवसांचे रीतसर प्रशिक्षण मिळालेले होते. त्यात अ‍ॅडॉप्टर (बाहेरच्या प्रणालीशी बोलणारा भाग) कसा बसवायचा, पाइपलाइन (संदेशावर प्रक्रिया करणाऱ्या टप्प्यांची साखळी) कशी लावायची, संदेश मेसेजबॉक्स नावाच्या साठ्यात कसा जातो आणि तिथून ज्याने मागणी नोंदवली असेल त्याला कसा मिळतो, हे सारे नीट शिकवले होते. पोच हरवू शकते, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक द्यावा, घेणाऱ्याने तो लक्षात ठेवावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम न करता फक्त पोच द्यावी, एवढी साधी ही गोष्ट आहे. जगातले कोणतेही नेटवर्क ‘नेमके एकदाच पोहोचवीन’ असे वचन देऊ शकत नाही. ती जबाबदारी दोन्ही टोकांना उचलावी लागते.

व्यवसायप्रक्रियेची बांधणी हा याच्या पुढचा टप्पा आहे. एखादे काम दोन मिनिटांत संपत नाही. नोंदणी आज होते, गाडी दहा दिवसांनी लागते, चुकारा त्यानंतर येतो. इतके दिवस संगणकाच्या स्मृतीत ते काम जागे ठेवणे परवडत नाही. म्हणून ते अर्धवट अवस्थेत साठवून निजवायचे आणि पुढचा संदेश आला की नेमके तेच काम शोधून उठवायचे, अशी सोय बिझटॉकमध्ये होती आणि आजच्या साधनांतही आहे. नियमांचे वेगळे. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्क्याने उतरतो आणि १२ टक्क्यांवर गेलेला कापूस घेतला जात नाही. भाव दरवर्षी बदलतो. हे आकडे प्रोग्रॅमच्या पोटात खोलवर लिहून ठेवणारा विकासक दर ऑक्टोबरमध्ये स्वतःला आणि इतरांना अडचणीत आणतो. नियम वेगळे, एका जागी, केंद्रप्रमुखाला वाचता येतील अशा भाषेत असावेत. आणि गाडी परत गेली तर झालेली नोंद कशी मागे घ्यायची, हे गाडी येण्याआधी ठरलेले असावे.

आमच्या रविवारच्या वर्गात मी पहिले तीन आठवडे संगणक उघडू देत नाही. मुले दोघे-दोघे मिळून बाजार समितीच्या आवारात बसतात, हर्रासी पाहतात, अडत्याच्या दिवाणजीला प्रश्न विचारतात आणि मालाबरोबर कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो, हे मोठ्या कागदावर काढतात. त्यासाठीच्या आकृत्यांची बीपीएमएन ही ठरलेली चिन्हलिपी आहे. तिची दुसरी आवृत्ती २०११ ची. तीही नंतर शिकवतो. मागच्या वर्षी एका मुलीने, जिचे वडील मापारी आहेत, त्या चित्रावर बोट ठेवून विचारले, ‘सर, काटा झाला आणि पावती छापतानाच लाईन गेली, तर माल कोणाचा?’ पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत बसून आम्ही अनुभवी मंडळी महिना-महिना चर्चा करायचो ती याच प्रश्नावर. तिला तो घरातूनच ठाऊक होता. त्यानंतर दोन जुने लॅपटॉप आणि मोबाइलचे नेट वापरून ती मुले काटा आणि बँक अशा दोन छोट्या प्रणाली बनवतात, मध्ये रांग ठेवतात, आणि मग मी न सांगता कधी नेट बंद करतो, कधी एक लॅपटॉप सरळ बंद करतो, कधी तोच संदेश तीनदा पाठवतो. शेवटी दोन्हीकडच्या वह्या जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कोणता संदेश कुठे पडला, हे त्यांनी शोधून दाखवायचे. पहिल्या खेपेला कोणाच्याच जुळत नाहीत.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा, की कंपन्या नोकरी देताना विशिष्ट साधनाचे नाव विचारतात, म्हणून साधनच शिकवावे. तसे शिकवावेही, पोट त्यावर चालते, हे मला मान्य आहे. परंतु बिझटॉक २००० साली आले, २००४ मध्ये डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्याच नव्या पायावर पुन्हा बांधले गेले आणि २०२० च्या आवृत्तीनंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. माझ्याबरोबरच्या ज्यांनी केवळ त्याची बटणे पाठ केली होती, ते आज अडले आहेत. ज्यांना रांग, पोच, क्रमांक आणि माघार हे कळले होते, ते काफ्कावर किंवा मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउड सेवेवर काही आठवड्यांत काम करू लागले. दुसरा आक्षेप नवा आहे, की आता यंत्रच प्रोग्रॅम लिहिते. लिहिते, आणि मॅपिंगही झरझर करून देते, मी स्वतः वापरतो. ‘१२-४’ म्हणजे काय, हे त्याला सांगायला मापाऱ्याची वही पाहिलेला माणूस मात्र लागतो.

म्हणून माझ्या मागण्या मर्यादित आहेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या अभ्यास मंडळाने पदवीच्या शेवटच्या वर्षात हा विषय पूर्ण एका सत्राचा ठेवावा आणि त्याची परीक्षा लेखी न घेता मुद्दाम बिघडवलेल्या जोडणीवर घ्यावी. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेच्या प्रकल्पांत ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ आणि ‘हॉटेल व्यवस्थापन’ या चावून चोथा झालेल्या विषयांऐवजी स्थानिक प्रक्रियेची जोडणी घ्यायला उत्तेजन द्यावे. बाजार समित्यांनी आणि सहकारी संस्थांनी विद्यार्थ्यांना आवारात बसू द्यावे व आपल्या पावत्यांचे, पट्ट्यांचे कोरे नमुने द्यावेत. खऱ्या कास्तकारांची नावे, आधार वा खाते क्रमांक कोणत्याही परिस्थितीत वर्गात येऊ नयेत. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ते अयोग्यच ठरले असते. सरावाला बनावट माहिती पुरते, फक्त तीत वऱ्हाडे, कऱ्हाडे भरपूर असावेत. आणि ज्या संस्था अशा जोडण्या विकत घेतात, त्यांनी करारात एक ओळ घालावी, की अडकलेल्या संदेशांची यादी रोज कोण पाहील.

मोठ्या प्रयोगशाळेची किंवा इमारतीची या कामाला गरज नाही. शिकवणाऱ्यांची आहे, आणि ते इथलेच मिळतील. पुण्याहून, हैदराबादेहून परत आलेली माझ्यासारखी बरीच मंडळी आता विदर्भातल्या गावोगावी घरून काम करताना दिसतात. त्यांना विचारणारा कोणी हवा. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचा एक मसुदा मी मराठीत तयार केला आहे. अभ्यास मंडळाने बोलावल्यास कापूस वेचणीचे दिवस सोडून केव्हाही तो घेऊन अमरावतीला येण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक कास्तकार आणि माजी सॉफ्टवेअर विकासक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ